पात्याला लावलेलं गंध

चौऱ्याऐंशी साली मी गणपतीला नवस बोलले होते, आमच्या गाडीच्या इंजिनाची टकटक थांबू दे, अकरा मंगळवार मीठ सोडीन. मागणं गाडीसाठी नव्हतं हो. आमची लेक माणिक लग्न होऊन नागपूरला गेली आणि बोरिवलीच्या आमच्या घरात रविवारी उरले मी, देव आणि कुकर. हे दिवसभर खाली कंपाउंडमध्ये, त्या जुन्या फोक्सवॅगनखाली. टकटक थांबली तर वर येतील, चार शब्द बोलतील, एवढाच माझा स्वार्थ.

खंडेनवमीला वाटलं, देवालाही थोडी मदत करावी. यांची हत्यारं पाटावर मांडून प्रत्येकाला गंध, हळद-कुंकू लावलं. त्यात पोलादी पात्यांचा जुडगा होता. इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या टॅपेटमध्ये किती फट ठेवायची, ते त्या पात्यांनी मोजतात; फट जास्त झाली की आवाज. त्यातलं एक कागदासारखं बारीक (मला ते एकटं वाटलं बिचारं), त्याला गंध जरा जास्तच. वाळल्यावर जुडगा मिटून ठेवला.

रविवारी सकाळी, इंजिन गार असताना (गरम असलं की माप चुकतं म्हणे), हे चष्मा काढून गाडीखाली शिरले आणि नेमक्या त्याच पात्याने आठही टॅपेट सेट केले. गाडी सुरू केली आणि वाट लागली! आधी टकटक होती, आता खडखडाट.

तळमजल्यावरच्या उत्तराताई खिडकीतून म्हणाल्या, "वहिनी, शिवणयंत्र घेतलंत वाटतं?"

पुढच्या रविवारी यांनी चक्क मला हाक मारली. "अगं, खाली ये. टॉर्च धर."

मी धरला.

"डावीकडे!"

"तुमच्या की माझ्या?"

"गाडीच्या!"

"अहो, हिचं इंजिन मागे. मग हिचं डावं कुठलं?"

गाडीखालून हसू आलं. कितीतरी महिन्यांनी.

तेवढ्यात उजेडात मला पात्यावरचा पिवळा पोपडा दिसला. माझ्या गंधाने पातं जाड झालं होतं, म्हणूनच फट मोठी. सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर आवाज थांबणार, आणि मला खाली बोलावणंही. मी गप्प राहिले. (एक नाही, तीन रविवार. देवाला ठाऊक आहे.)

चौथ्या रविवारी हे हात पुसत हळूच म्हणाले, "विकून टाकू गाडी. माझ्या हातात आता काही राहिलं नाही."

मग मात्र राहवेना. "अहो, त्या पात्याला माझं गंध लागलंय."

यांनी चष्मा चढवला, नखाने खरवडून पाहिलं. "अगं, याला माप असतं, कपाळ नसतं!"

तासाभरात इंजिन शांत झालं.

पुढच्या रविवारी हे खरंच वर, स्वयंपाकघरात, माझ्यासमोर खुर्चीत बसले. महिन्याभराच्या गोष्टी मी साठवून ठेवल्या होत्या. चटणी वाटता वाटता पहिली सुरू केली, तोच यांनी बोट वर केलं.

"थांब. तुझ्या मिक्सरचा आवाज ऐकलास?"

दुपारपर्यंत मिक्सरचे एकोणीस तुकडे ओट्यावर पसरले होते आणि हे त्यांच्यावर वाकलेले. पण घरात होते ना! म्हणून सांगते, तुम्हीही असा एक नवस बोलून पाहा. फक्त आधी चटणी वाटून घ्या.