धाकट्या जावेचं झुडूप

लोक यायचे थोरल्या जावेचे गुलाब बघायला आणि बघत बसायचे शेजारच्या बाल्कनीतलं धाकटीचं झुडूप. माळावरून आणलेलं, ना खत ना लाड, तरी पिवळ्या फुलांनी लगडलेलं.

"ते एक फूल नाहीच मुळी, वहिनी," शाळेत विज्ञान शिकवणारी धाकटी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची. "शंभर बारक्या फुलांचं एकत्र कुटुंब आहे ते. कडेची मिरवतात, मधली बी धरतात."

"म्हणजे आपल्या घरासारखंच," थोरली म्हणायची.

बागस्पर्धेच्या आदल्या दुपारी, धाकटी शाळेत असताना, थोरलीने कठड्यावरून हात लांबवला आणि कात्रीने झुडपाचे सगळे शेंडे उडवले. उमललेली, कोमेजलेली, सगळी फुलं उशीच्या अभ्र्यात कोंबून कपाटावर टाकली.

संध्याकाळी निरोप आला. परीक्षक मॅडमचा पाय मुरगळला होता. स्पर्धा महिनाभर पुढे गेली.

बोडकं झुडूप पाहून धाकटी रडली. थोरलीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"कुणाची तरी नजर लागली गं."

"नजरेला कात्री असते का, वहिनी?"

महिन्याभरात कापलेल्या प्रत्येक शेंड्याखालून दोन-दोन फांद्या फुटल्या आणि झुडूप दुपटीने बहरलं. थोरलीला घास गोड लागेना.

स्पर्धेच्या दिवशी मॅडम शेजारपाजाऱ्यांसह आधी थोरलीकडे आल्या.

"उकडतंय हो," त्या म्हणाल्या. थोरलीच्या नवऱ्याने तत्परतेने पंखा पाचवर नेला. कपाटावरून अभ्रा घसरला आणि खोलीभर पांढऱ्या म्हाताऱ्या उडाल्या. एक चहात पडली, एक नवऱ्याच्या मिशीत अडकली.

"अहो, उशी फाटली वाटतं!" थोरली ओरडली.

मॅडमनी मिशीतली म्हातारी चिमटीत धरून भिंगाखाली घेतली. "उशीत बी कुठून येणार? हे शेजारच्या झुडपाचं आहे. कोमेजायला लागलेली फुलं कापली तरी बी पिकतं. बी राखायला काय नेमकी वेळ साधलीत!"

दारात उभ्या धाकटीला सगळा उलगडा झाला. "छाटणीही वहिनींनीच केली, मॅडम," ती दात आवळून म्हणाली. "माझ्या झुडपाची. मला न विचारता."

"जावेसाठी? गाजावाजा न करता?" मॅडमनी थोरलीचे हात हातात घेतले. "मग पहिलं बक्षीस यांनाच!"

टाळ्या थांबल्यावर धाकटीने पुढे येऊन थोरलीच्या पाठीवरून हात फिरवला. "अभिनंदन, वहिनी," ती म्हणाली.

तो आवाज थोरलीला लगेच ओळखू आला. आजवर तो तिचाच होता.