फाटाफट न्यूजचं खात्रीलायक सूत्र

"एक वेळ माझ्या तोंडातले दात बाहेर येतील, पण सूत्राचं नाव बाहेर येणार नाही!" असं हर्षद अधूनमधून जाहीर करायचा. ऐकायला कोणी असलंच पाहिजे, असं नव्हतं.

शिळफाट्यावर त्याचं मोबाइलचं दुकान होतं. स्क्रीनगार्ड चिकटवता चिकटवता तो 'फाटाफट न्यूज' नावाची वेबसाइट चालवायचा. संपादक तोच, वार्ताहर तोच, आणि बातमीखाली 'सत्य मांडलंत साहेब!' अशी कमेंट टाकणाराही बऱ्याचदा तोच. आज लाइट जाणार का, एवढं वाचून लोक पुढं सरकायचे. हर्षदला मात्र वाटायचं, की लोकशाहीचा चौथा खांब आपल्याच शटरला टेकून उभा आहे.

अशात त्याला खरीखुरी बातमी सापडली, ती सासूबाईंच्या पाया पडताना.

गौराबाई लोधिवलीला एकट्या राहायच्या आणि चकमक फूड्सच्या वेफर कारखान्यात पॅकिंगला जायच्या. त्या नोकरीवर त्यांनी पोरगी शिकवली होती, लग्न लावून दिलं होतं, आणि जावयाच्या दारात राहायला जाणार नाय, हा शब्द आजवर पाळला होता. रविवारी त्या लेकीकडं आल्या. हर्षद नमस्काराला वाकला, आणि त्यांच्या साडीचा वास नाकात शिरताच वाकलेलाच राहिला.

पोपटीचा वास! थंडीत वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडक्यात भाजतात, तोच. पण आता तर वैशाख चालला होता!

"आई, पोपटी कुठं लावली?"

"कुठली पोपटी! कंपनीत नवीन वेफर निघालेत, त्येंचा वास. साडी धू-धू धुतली, जाता जात नाय. पण कुठं बोलू नका हां, जावईबापू. नाव फुटलं तर मला घरी बसवतील. मग येते तुमच्याकडंच राहायला!"

गौराबाई हसल्या. हर्षद हसला नाही. त्याच्या घराला खोल्या दोनच होत्या.

पण बातमी ती बातमी. 'सूत्रांच्या माहितीनुसार चकमक फूड्स लवकरच आणणार पोपटीच्या चवीचे वेफर!' कर्जतपासून कशेळ्यापर्यंत लोकांनी ती एकमेकांना धाडली. हर्षदनं त्या दिवशी एकही कमेंट स्वतः टाकली नाही, गरजच पडली नाही.

मग वकिलाची नोटीस आली. मुंबईच्या वकिलांनी ती इंग्रजीत लिहून कुणाकडून तरी मराठीत करून घेतली होती. 'सदर सूत्र ही कंपनीची मालमत्ता असून ते आपण बेकायदा ताब्यात ठेवले आहे. सूत्र तात्काळ परत करावे.'

"मालमत्ता?" हर्षद घरभर फिरत म्हणाला. "जिवंत माणूस म्हणजे मालमत्ता? वेठबिगारी संपली म्हणावं!"

"अहो, बातमी काढून टाका ना," रुचिता म्हणाली. "माझ्या आईची नोकरी आहे ती."

"तिच्यासाठीच तर लढतोय!"

हे खरंच होतं. गौराबाईंबद्दल त्याला मनापासून आदर होता, आणि त्या लोधिवलीला असताना तो आदर करणं त्याला बरं पडत होतं.

त्यानं उलट टपाली ठणकावलं: 'सूत्र माझ्याकडे सुखरूप आहे. प्राण गेला तरी देणार नाही!' कंपनीत एकच धावपळ उडाली. दुसरी नोटीस आली: 'सूत्र कुठे व कोणत्या स्थितीत ठेवले आहे? दमट हवेत ठेवले आहे काय?'

हर्षदनं लिहिलं: 'सूत्राची प्रकृती उत्तम आहे.'

पुढच्या रविवारी वकीलसाहेब स्वतःच घरी आले. गौराबाई तेव्हा आत भाकऱ्या थापत होत्या. घाम पुसत वकीलसाहेब म्हणाले, "मिटवून टाकू. सूत्राची किंमत बोला."

हर्षद तडक आत गेला. "तुझ्या आईची किंमत विचारतायत!" तो रुचिताच्या कानात म्हणाला.

"किती म्हणतात?" गौराबाईंनी विचारलं. त्यांचा कान तिखट होता.

हर्षद बाहेर आला. छाती पुढं काढून म्हणाला, "साहेब, मी वेबसाइटवर लिहितो म्हणून मला हलक्यात घेऊ नका. लिहिणारा कागदावर लिहो नाहीतर मोबाइलवर, सूत्र ते सूत्र! ते मी विकणार नाही. खटला घाला, तुरुंगात टाका!"

दारात जमलेल्या शेजाऱ्यांपैकी एकानं टाळी वाजवली. हर्षदच्या अंगावर काटा आला.

वकीलसाहेब रडकुंडीला आले. "अहो, निदान एवढं तरी सांगा, त्यात मीठ किती, ओवा किती आणि पाला किती?"

"कशात?"

"सूत्रात!"

हर्षदनं स्वयंपाकघराकडं पाहिलं. मग वकिलांकडं पाहिलं.

"सूत्र म्हणजे... फॉर्म्युला?"

"मग काय माणूस?"

हर्षदच्या छातीवरचा धोंडाच उतरला! तो हसत सुटला, मांडीवर थापा मारत सुटला. "अहो, एवढंच होय! मला वाटलं, तुम्ही नाव मागताय! फॉर्म्युला माझ्याकडं नाहीच, शप्पथ! आमच्या सासूबाई तुमच्या पॅकिंगला आहेत, त्यांच्या साडीला नुसता वास आला, त्यावरून ठोकली मी बातमी!"

आतला भाकरी थापायचा आवाज थांबला.

"नाव काय म्हणालात त्यांचं?" वकीलसाहेबांनी अगदी गोड आवाजात विचारलं. पण आता नाव सांगायचं बाकी काय होतं?

कंपनीनं खटला घातला नाही. वेफर बाजारात आले, आणि गौराबाई ट्रंक घेऊन हर्षदच्या बाहेरच्या खोलीत आल्या. लेकीच्या दारात पाऊल ठेवताना त्यांनी डोळ्यांना पदर लावला, तेव्हा हर्षदला स्वतःची भयंकर लाज वाटली. ती अजून गेलेली नाही. नमस्कार तो आता रोज करतो.

परवा दुकानातून भुकेजून आला. ताटावर ताट झाकलेलं होतं. त्यानं जपूनच विचारलं, "आई, आज भाजी कसली?"

गौराबाईंनी मान वर केली नाही.

"जावईबापू, एक येळ माज्या तोंडातले दात बाहेर येतील," त्या म्हणाल्या, "पण नाव बाहेर यायचं नाय."