समोर कायम मोकळं

कोरीट गावचं वावर रोहिणीच्या नावावर होतं. तिच्या वडिलांनी हयात असताना स्वतः तलाठ्याकडे खेटे घालून ते तिच्या नावे करून दिलं होतं, आणि नेमकी हीच गोष्ट तिच्या नवऱ्याला, हेमकांतला, झोपू देत नव्हती. तो पडला ऑफिसातला कारकून. शेत दिसलं की त्याला त्यात नुसता पैसा लोळत पडलेला दिसायचा.

"वावर काय देस तुले? घरनं भाडं महिनाले येस," तो रोज जेवताना म्हणायचा.

रोहिणी भाकरी वाढायची आणि गप्प बसायची. शेवटी उन्हाळ्यात कंटाळून तिनं विक्रीच्या कागदावर सही केली. (तिचं गप्प बसणं म्हणजे होकार, असा हेमकांतचा लग्नापासूनचा समज होता. तो एकदाही खरा ठरला नव्हता, ही गोष्ट वेगळी.)

वावर बांधाशेजारच्या दलसिंगनं घेतलं. हेमकांतनं श्रावणात नंदुरबारच्या कडेला भाड्यानं देण्यासाठी एक घर हेरलं. समोर भलंमोठं मैदान, गुडघाभर गवत, चार शेळ्या आणि गार वारा. गुंतवणुकीवरचे व्हिडिओ बघून बघून हेमकांत आता जाणकार झाला होता. त्यानं उतारा पाहिला, बिनशेतीचा कागद पाहिला, नळाला तोंड लावून पाणीसुद्धा पिऊन पाहिलं. शंका एकच उरली. समोर उद्या कोणी इमारत बांधली तर वारा अडायचा.

"अडाव नही," दलाल उमाकांत म्हणाला. "येपारीनी जागा शे ती. समोर कायम मोकळंच ऱ्हाई."

कसला व्यापारी, हे हेमकांतनं विचारलं नाही. नंदुरबारात जन्म काढलेल्या माणसाला ते विचारावं लागत नाही, म्हणूनच बहुधा त्याला सुचलं नसावं. उलट त्यानं वावराच्या पैशांत घर घेतलं आणि गवंडी बोलावून मैदानाकडच्या भिंतीत आणखी एक मोठी खिडकी पाडून घेतली. हवेशीर घराला भाडं जास्त येतं, असं कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं.

दिवाळी सरली आणि त्या मिरचीच्या व्यापाऱ्याचं मैदान लाल झालं. टेम्पोमागून टेम्पो ओली मिरची ओतून गेले, बाया ती वाळत पसरू लागल्या, आणि तो श्रावणातला गार वारा आता मिरचीवरून फिरून दोन्ही खिडक्यांतून घरात शिरायला लागला. पहिला भाडेकरू बँकेतला होता. तो बायकोसकट शिंकत गेला. दुसऱ्या शिक्षिकाबाई होत्या. त्यांनी नुसतं दार उघडलं आणि लगेच लावून घेतलं. त्यानंतर कोणी किल्लीसुद्धा मागितली नाही. घरासाठी वरून काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र न शिंकता दर महिन्याला यायचा.

शेवटी रोहिणीच म्हणाली, "आपलं ऱ्हातं घर भाडाले द्या. आपण तठे जाईसन ऱ्हाऊत."

ते घर हातोहात गेलं, आणि मालक मिरचीसमोर राहायला आले.

ऑफिसात हेमकांतचे सुजलेले डोळे आधी शिपाई भिलाला दिसले. त्यानं साहेबांच्या कानात काहीतरी सांगितलं. संध्याकाळी हेमकांतच्या दारात चपलांचा ढीग पडला. सगळं ऑफिस सतरंजीवर माना खाली घालून बसलं.

"कोन वारनं?" कोण गेलं, ते भिलानं हळूच विचारलं.

"कोनी नही रे."

"दुख मनमा ठेवू नही, भाऊ."

थोड्या वेळानं साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग बाकीच्यांच्या. सगळी खोली नाकाला रुमाल लावून रडायला लागली, आणि कोणासाठी ते एकालाही ठाऊक नव्हतं. रोहिणीनं चहा आणला, पण सुतकातला चहा कोणी घेतला नाही.

रविवारी मैदानात एक टेम्पो रिकामा झाला आणि त्यातून रोहिणीचा भाऊ अमृत उतरला. बहिणीचे डोळे पाहून त्यानं आधी हेमकांतकडे असं पाहिलं, की हेमकांत खुर्चीतून उठून उभाच राहिला.

"मिरचीनं शे, दादा," रोहिणी म्हणाली. "तू आठे कसा?"

"दलसिंगना टेम्पोमा बठीसन उनू." अमृतनं खिडकीतून बोट दाखवलं. "ती दखास ना कोपराले? तुन्हाच वावरनी शे. त्यानी यंदा मिरची लाई. बाबानी हयातीमा इतलं पिकनं नही."

रोहिणी खिडकीशी जाऊन उभी राहिली. वडिलांनी दिलेलं वावर दुसऱ्याचं होऊन तिच्या दारात वाळत पडलं होतं. तिच्या डोळ्यांना धार लागली. हेमकांत लगबगीनं खिडकी लावायला धावला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आते मिरचीनं नही."

हेमकांतचा हात तसाच राहिला. आपण हिचं काय घालवलं, ते त्याला आत्ता कळलं. त्याला फार वाईट वाटलं. माफी मागायची होती. तो खुर्चीत बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडू लागला. इतक्या दिवसांतलं हे त्याचं पहिलं खरं रडणं.

"पाव्हणासले मिरची भलतीच लागनी," अमृत म्हणाला.

रोहिणीनं पदरानं डोळे पुसले, वळून नवऱ्याकडे पाहिलं, आणि पुढे होऊन त्याच्या बाजूची, त्यानं हौसेनं पाडून घेतलेली मोठी खिडकी लावून टाकली.