सुपातली बाराखडी

माझी आजी भांडायची तेसुद्धा कुजबुजून. बैल उधळला तर त्याच्या कानाजवळ जाऊन हळू आवाजात त्याला रागवायची. भाजीवालीशी घासाघीस करताना पदर तोंडाशी धरून इतकं हळू बोलायची, की ती बाईही नकळत कुजबुजायला लागायची आणि त्या गोंधळात भाव उतरायचा. आबाजींशी, म्हणजे माझ्या आजोबांशी, तिचे रोज खटके उडायचे, पण शेजाऱ्यांच्या मते आमच्या घरात कधी भांडणच होत नसे.

याला कारण तिची नोकरी. आमच्या सिहोऱ्याच्या वाचनालयात ती ग्रंथपाल होती. माहेर कारध्याचं, मॅट्रिक झालेली. लग्न करून आली आणि थोड्याच दिवसांत वाचनालयाच्या खुर्चीत बसली, ती निवृत्त होईपर्यंत. 'आवाज खाली' हे तिचे दोन शब्द गावाला पाठ होते. आबाजी गेले तेव्हा अंगणात बायकांनी हंबरडा फोडला होता. आजी भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसली होती. अचानक तिनं हात वर केला. "हळू वो बाया, हळू. आवाज खाली."

आणि खरंच सगळ्या गप्प झाल्या. वाचनालयात गप्प व्हायच्या तशाच.

घरातही तिची ग्रंथपालकी चालायची. स्वयंपाकघरातले डबे तिनं अक्षरांच्या क्रमानं लावले होते. आधी जिरं, मग धने, मग मिरची, मीठ, मोहरी आणि अगदी शेवटी हळद. माझी आई, म्हणजे तिची सून सुमन, चौथीपर्यंत शिकलेली. तिला हात जाईल तिथं डबा लागायचा. ती सकाळी डबे हलवायची, आजी वाचनालयातून आली की पुन्हा क्रम लावायची. दोघी यावर एक शब्द बोलायच्या नाहीत. डबेच इकडून तिकडे जायचे.

गावातल्या माणसांना आजी पुस्तक द्यायची ते मात्र माणूस पाहून. एकदा दोन भावांचा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, झगडा झाला. एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. दोघंही वाचणारे. आजीनं थोरल्याला एका जाडजूड कादंबरीचा पहिला भाग दिला आणि धाकट्याला दुसरा. धाकटा दुसऱ्या दिवशी परत आला.

"काकू, याच्यात कोन कोनाचा कोन हाय तेच समजून नाई राहिलं."

"पहिला भाग वाचला त्याले विचार ना," आजी हळूच म्हणाली.

"तो तं माह्यासंग बोलत नाई."

"मंग तसाच वाच."

आठवडाभर त्यानं दम धरला. मग एका संध्याकाळी धुऱ्यावर उभा राहून थोरल्याला विचारता झाला, की कादंबरीतली ती बाई घर सोडून कायले गेली. धुऱ्याचा निकाल अजून लागायचाच आहे, पण बोलणं तेव्हापासून सुरू आहे.

असं सगळ्या गावाला जोखून पुस्तक देणाऱ्या माझ्या आजीनं एका माणसाला कधी पुस्तक दिलं नाही. माझ्या आईला. त्यात काही दुष्टपणा होता असं मला वाटत नाही. आई पहाटे उठायची, शेण-झाडलोट करायची, भाताच्या रोवणीच्या दिवसांत दिवसभर बांधीत, म्हणजे खाचरात, वाकून असायची. तिचा आवाजही मोठा, एका बांधीतून दुसऱ्या बांधीत पोचणारा. आजीला ती पुस्तकं वाचणाऱ्यांतली वाटलीच नसावी. आणि आईनंही कधी मागितलं नाही.

माझं लग्न होऊन मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. नवरा तिथल्या फॅक्टरीत. सुटीच्या दिवशी मी सिहोऱ्याला यायचे, तेव्हा आजी पडवीत पुस्तक घेऊन बसलेली दिसायची. मग तिला मेंदूचा झटका आला. भंडाऱ्याला दवाखान्यात काही दिवस काढून ती घरी आली, ती चालत, बोलत. आम्हाला हायसं वाटलं. ती पुन्हा पडवीत बसायला लागली, मांडीवर पुस्तक, डोळ्यांवर चष्मा.

पहिली शंका आली ती आईला.

"आत्याबाई पान पलटवतात," ती मला फोनवर सासूबद्दल म्हणाली, "पन त्यायचे डोळे जागचे हलत नाई."

मी म्हटलं, थकवा असेल. आईचं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं औषधाची पट्टी आजीपुढे धरली. "आत्याबाई, हे कोनती गोळी हाय, वाचून सांगा बरं."

"चष्मा नाई."

"डोयावरच तं हाय."

आजी पट्टीकडे बघत राहिली. मग तिनं पट्टी खाली ठेवली आणि मांडीवरचं पुस्तक मिटलं. "सुमन," ती म्हणाली, "हे अक्षरं मले ओळखू येऊन नाई राहिले. मुंग्या चालल्यावानी दिसतात. कोनाले सांगू नोको."

डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी समजावलं की डोळे ठीक आहेत, मेंदूत अक्षरं ओळखणारी जागा दुखावली आहे. बोटानं अक्षर गिरवून पाहिलं तर काहींना थोडं परत येतं. येईलच असं नाही.

आजीनं त्यानंतर अन्न जवळजवळ सोडलं. पुस्तकाच्या कपाटाकडे पाठ करून झोपायची. बाबा समजावून थकले. मी आले तर माझ्याशीही बोलली नाही. शेवटी एका दुपारी आईनं सुपात तांदूळ पसरले, ते सूप आजीपुढे आपटल्यासारखं ठेवलं, तिचं बोट धरलं आणि तांदळात ओढलं.

"क!" आई तिच्या बांधीतल्या आवाजात म्हणाली. "क कमळाचा!"

"आवाज खाली, सुमन. लोक आयकतीन."

"आयकू द्या. क!"

आजीनं बोट सोडवून घेतलं. आईनं पुन्हा धरलं. त्या दिवशी आजी रडली, सूप ढकलून दिलं, अंगणभर तांदूळ झाले. आईनं ते वेचले, निवडले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुपात पसरले.

मग ते रोजचंच झालं. आई शेतातून यायची, पाय धुवायची, जेवायची आणि सूप घेऊन बसायची. आजी बोटानं अक्षर गिरवायची, बोटाला ते ओळखू आलं की तोंडानं म्हणायची. 'भ' आणि 'म' मध्ये ती नेहमी अडखळायची आणि चिडायची, कुजबुजत. गंमत म्हणजे आईचं स्वतःचं वाचन चौथीतच थांबलेलं. जोडाक्षर आलं की तीही अडायची. मग दोघी सुपावर वाकून वाद घालायच्या. मी एकदा दारात उभी राहून ऐकत होते. 'स्त्री' कसं लिहायचं यावर जुंपली होती. एकीला दिसत होतं पण समजत नव्हतं, दुसरीनं ते कधी लिहिलंच नव्हतं. मी मध्ये पडले नाही.

हळूहळू आजी तळहातावर बोट फिरवत वर्तमानपत्रातली एखादी ओळ वाचायला लागली. एका ओळीला चहा निवून जायचा. पूर्ण पुस्तक काही तिला पुन्हा वाचता आलं नाही. पुढच्या थंडीत, धान घरात आल्यावर, ती गेली.

पण मला सांगायची आहे ती त्याआधीची एक दुपार. मी चहा घेऊन पडवीत येत होते. सूप समोर होतं, पण आजीनं आज बोट लावलं नव्हतं.

"आज अक्षर राहू दे," ती म्हणाली. "सुमन, तू लगन होऊन आली, त्या दिवशी तुले काय वाटलं होतं वो?"

आई हसली. "आता हे काय काढलं?"

"सांग ना. म्या कधी इचारलंच नाई."

आई तांदळावर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "भूक लागली होती. वरात उशिरा पोचली, सकाळपासून काई खाल्लं नोतं. सारे जेवून मोकळे झाले. नव्या नवरीनं मागावं कसं? तशीच बसून होती, तुमच्या खोलीच्या दाराजवळ."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी वाचून राहिल्या होत्या," आई म्हणाली.

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पहिल्यांदाच मी माझ्या आईला इतकं हळू बोलताना ऐकलं.

आजीनं सूप बाजूला सरकवलं. मग तिनं भिंतीला हात लावला आणि उठायला लागली.

"कुठं चालल्या?"

"बस तू," आजी म्हणाली. "पोहे करतो."

आई उठायला गेली, तर आजीनं तिचा खांदा दाबून तिला परत बसवलं. ती भिंत धरून आत गेली. आतून पातेलं पडल्याचा आवाज आला, मग कांदा चिरल्याचा, खूप सावकाश. आई दाराकडे बघत मांडी घालून बसून राहिली, पाहुणी आल्यासारखी, हात मांडीवर ठेवून.

पोहे कच्चे राहिले होते आणि त्यांत मीठ फार होतं. आजी समोर बसून बघत होती. आईनं सगळे खाल्ले आणि म्हणाली, "अजून हाय का?"