टाकीचा शुद्ध भाषेतला अर्ज

मागच्या अंगणात, न्हाणीघराच्या भिंतीलगत, जमीन सारखी ओली राहू लागली आणि त्या बाजूची खिडकी उघडायची सोय उरली नाही, तेव्हा संडासाची टाकी नवी बांधायला हवी हे दादांच्याही लक्षात आलं. (घरातल्या बाकीच्यांच्या ते बरंच आधी आलं होतं.) नवी टाकी म्हणजे परवानगी, आणि परवानगी म्हणजे अर्ज.

"गवंड्याला सांगा," बायको म्हणाली. "तो लिहून देतो असले अर्ज."

"गवंडी लिहिणार? माझ्या सहीखाली?"

इथंच सगळं बिघडलं. दादा एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. उभा जन्म लोकांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात गेलेला. दुकानांच्या पाट्यासुद्धा ते खिशातलं लाल पेन चाचपत वाचत. अशा माणसाला 'संडास' हा शब्द स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचा म्हणजे जिवावर आलं. त्यांनी खपून अर्ज तयार केला. विषय : 'निवासस्थानाच्या प्रांगणातील भूमिगत विसर्जनस्थळाचे नूतनीकरण'. बायकोला वाचून दाखवला.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "पण कशाबद्दल आहे?"

"ज्यांना कळायचं त्यांना कळेल."

ज्यांना कळला ते पालिकेच्या दफनभूमी विभागाचे साहेब निघाले. त्यांनी दादांना बोलावून घेतलं, उठून खुर्ची दिली, पाणी मागवलं. कचेरीत इतका जिव्हाळा दादांनी आजवर पाहिला नव्हता.

"धीर धरा," साहेब हळू आवाजात म्हणाले. "कधी झालं?"

"एकदम असं नाही. वर्षभर हळूहळू चाललंच होतं."

"घरच्यांना त्रास झाला असेल."

"शेवटी शेवटी वासाचा फार."

दादांसाठी मागवलेलं पाणी साहेबांनी स्वतःच पिऊन टाकलं. "पण घराच्या अंगणात परवानगी नाही देता येत हो."

"नवीन कुठं मागतोय? वडिलांच्या वेळेपासून तिथंच आहे."

"वडीलही तिथंच?"

"तेही तिथंच. आई, आम्ही भावंडं, पाहुणे आले तर तेही. आता भरलीय, म्हणून मोठी बांधू म्हणतो."

"पाहुणेसुद्धा," साहेब पुटपुटले आणि दादांवरची नजर न काढता त्यांनी शिपायाला हाक मारली.

जो शब्द कागदावर लिहायला जड गेला, तो दादांना भर कचेरीत मोठ्यानं उच्चारावा लागला. साहेबांना नीट ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा एकदा.

मग अर्ज योग्य खात्यात गेला आणि एक इंजिनिअर बाई पाहणीला आल्या. त्यांनी दादांच्या संडासात हिरवा रंग ओतून पाणी सोडलं. शेजारच्या घरात जाऊन तिथं लाल रंग ओतून आल्या. टाकीचं झाकण काढून सगळे वाट बघत उभे राहिले. आधी हिरवा आला. पाठोपाठ लाल.

"टाकी एकच आहे आणि घरं दोन," बाई म्हणाल्या. "दोघांचा मिळून एक अर्ज लागेल. शेजारी कोण राहतं?"

दादा टाकीतच बघत राहिले. "भाऊ," बायकोनं सांगितलं. "सख्खे."

सख्खे, पण बोलणं नव्हतं. वडील गेले तेव्हा धाकट्यानं त्यांच्या आठवणीत एक पानभर मजकूर लिहिला होता आणि दादांकडे पाठवला होता, वाच म्हणून. दादांनी वाचला, सवयीनं चुका दुरुस्त केल्या आणि खाली 'बरे आहे' असा शेरा मारून परत धाडला. (त्यांच्या लेखी ही मोठी पावती होती.) त्यानंतर धाकट्यानं मधलं कुंपण काढून तिथं भिंत घातली. जावाजावा त्या भिंतीवरून गप्पा मारत. भाऊ मात्र रस्त्यात समोरासमोर आले की दोघांच्याही चपलेत नेमका खडा शिरायचा.

दादा भिंतीला वळसा घालून गेले. बेल वाजवण्याआधी त्यांनी मनात एक वाक्य जुळवलं होतं, निर्दोष. दार उघडल्यावर ते आठवेना.

"टाकी एकच आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे मला," धाकटा म्हणाला.

"मग कधी बोलला नाहीस ते?"

"तुझ्याशी बोलत होतो का मी?"

दादांनी वाकून चपलेतला खडा काढला. धाकट्यानं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि दार पूर्ण उघडलं. "ये, बस. अर्ज मी लिहितो." त्यानं टेबलावरचा कागद ओढला आणि भराभर लिहून पुढे सरकवला : 'आमच्या दोन घरांच्या संडासाची टाकि खराब झालि आहे. नवीन बांधायला परवानगि द्यावी.'

दादांनी वाचलं. पुन्हा वाचलं. हात आपोआप खिशाकडे गेला. धाकटा ते बघत होता. दादांनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि म्हणाले, "छान लिहिलंयस. सगळं आलं यात." आणि धाकट्याचंच पेन घेऊन खाली सही केली.

धाकटा आत वळून बायकोला म्हणाला, "चहा टाक. दादा आलाय."

परवानगी मिळाली. गवंड्याची माणसं खड्डा खणू लागली तेव्हा दोघं भाऊ विटांच्या ढिगावर शेजारी शेजारी बसून बघत होते. इतक्या वर्षांचं बोलायचं साठलेलं, त्यामुळे कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं.

"तुमच्याकडे पाणी सोडलं की आमच्या पाइपात गुडगुड व्हायची," धाकटा म्हणाला. "रोज सकाळी. मी हिला म्हणायचो, दादा उठला. बरा आहे."

"रोज?"

"रोज. मध्यंतरी काही दिवस आवाजच आला नाही. मी फार घाबरलो होतो. सारखा खिडकीशी येऊन बघायचो."

भिंत मध्ये असताना पलीकडे कुणीतरी आपल्यासाठी कान लावून बसलं होतं. ते खड्ड्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात दादांची बायको चहा घेऊन आली. "घाबरण्यासारखं काही नव्हतं हो, भावोजी," ती म्हणाली. "पोट साफ होत नव्हतं यांचं. मग मी एरंडेल दिलं. त्यानंतर ऐकू आलं असेल ना?"

"आलं तर," धाकटा कप घेत म्हणाला. "आम्ही दोघंही उठून बसलो."