दुखवट्यानंतरचा विषय

शाळेसमोरच्या चौकात ट्रकखाली सापडून मास्तर गेले, तेव्हा नगरसभेला अतीव दुःख झालं. झालं तेही नियमानुसार. ठराव मांडून, अनुमोदन घेऊन, एकमताने.

मास्तरीणबाईंना गॅलरीत पहिल्या रांगेतली खुर्ची दिली होती. सभापतींनी मास्तरांना ‘या सभागृहाचे जुने स्नेही’ म्हटलं, आणि ते काही खोटं नव्हतं. त्या चौकात सिग्नल बसवा म्हणून मास्तर केस काळे होते तेव्हापासून याच गॅलरीत हात वर करून उभे राहत, आणि शिपाई त्यांना खाली बसवी. आज सगळं सभागृह त्यांच्यासाठी दोन मिनिटं उभं राहिलं. एका सभासदांचा फोन वाजला, पण तोही त्यांनी दुःखी चेहऱ्यानेच बंद केला.

“आता सिग्नलचं घ्या,” बाई वरून म्हणाल्या. “आजच्या विषयांत आहे ना तो?”

“आहे तर! पुढचाच,” सचिव म्हणाले. “पण दुखवट्याचा ठराव झाला की सभा तहकूब होते, बाई. मास्तरांच्याच आदरासाठी.”

आता आदरापुढे काय बोलणार? बाई चौकटीत बसवलेला ठराव काखेत मारून घरी आल्या.

पुढच्या महिन्यात त्याच चौकात पोस्टमन गेला. ठराव, दोन मिनिटं, तहकुबी. मग फुलं विकणारी गेली. तिच्या ठरावावर तर तिघे बोलले आणि एकजण चक्क रडले. सिग्नल आपला ‘पुढचाच विषय’ होऊन बसला.

बाईंचं डोकं फिरलं. त्या तडक सभापतींच्या दालनात शिरल्या. “अहो, आधी सिग्नल मंजूर करा, मग हवं तेवढं रडा!”

सभापतींनी कानांवर हात ठेवले. “बाई, हे तुम्ही बोलता? मृतांना ताटकळत ठेवायचं?”

“आणि जिवंतांना ठेवलंय ते?”

“त्यांना सवय असते,” सभापती मायेने म्हणाले. “असं करा, एखादा महिना कोणी मरणार नाही असं बघा. मग विषय चुटकीसरशी येतो की नाही, सांगा!”

बोलायला काय जातं! पण बाई पेटल्या. दुसऱ्या दिवसापासून लाल छत्री घेऊन चौकात उभ्या. ट्रकला आडव्या जायच्या, मोटारवाल्यांच्या शिव्या खायच्या, पोरांना दंडाला धरून पलीकडे न्यायच्या. पाय सुजले, घसा बसला.

“जाऊबाई, वेड लागलंय का तुम्हाला?” धाकट्या जावेने विचारलं.

“लागू दे गं. महिन्याभराचंच आहे.”

महिनाभर खरंच कोणी मेलं नाही. सभेच्या दिवशी जावेच्या हाती छत्री देऊन बाई गॅलरीत येऊन बसल्या. सिग्नलचा विषय पुकारला गेला, आणि त्यांना रडूच फुटलं. मास्तर हवे होते आज!

सभापतींनी अहवाल वाचला. “सदर चौकात गेल्या महिन्यात एकही मृत्यू नाही. म्हणजेच चौक सुरक्षित आहे. सबब, सिग्नलची आवश्यकता उरलेली नाही.” विषय एकमताने निकाली निघाला. बाकं वाजली.

“अहो, मी उभी होते म्हणून!” बाई ओरडल्या. “मी काय जन्मभर उभी राहू?”

सभागृहाने या उद्गारांची गंभीर दखल घेतली आणि बाईंच्या अभिनंदनाचा ठराव तिथल्या तिथे संमत केला. गॅलरीतल्या लोकांनी, म्हणजे तुम्ही-आम्हीच, कडाडून टाळ्या वाजवल्या.

बाई खाली उतरल्या तर सचिव पुढच्या सभेचा मसुदा लिहीत होते. ‘मनमिळाऊ’, ‘भरून न येणारी पोकळी’, सगळं जागच्या जागी होतं. नावाची तेवढी जागा कोरी.

“हे कोणासाठी?” बाईंनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

“अजून कळायचंय. तुम्ही मात्र आता विश्रांती घ्या हं.”

बाईंनी खरंच घेतली. दुसऱ्या दिवशी गुडघ्यांनी उठूच दिलं नाही, आणि जावेलाही स्वतःचा संसार होता. छत्री धरायला गॅलरीतलं कोणी पुढे आलं नाही. टाळ्या तर आपण वाजवल्याच होत्या.

सचिव पेन उघडून बसले आहेत. तुम्ही घरी कोणत्या रस्त्याने जाता?