अकरा रंभाबाई

सावनेरच्या रंभाबाई १९८७ साली नागपूरच्या धरमपेठेत मुलाकडे राहायला आल्या, तेव्हा रेशनकार्डावरचा पत्ता बदलणे क्रमप्राप्त झाले. पुरवठा कार्यालयात नुकताच कॉम्प्युटर बसला होता आणि तो प्रमोदिनीच्या हाती होता. तिने नवा पत्ता टाकला. अर्ध्यातच वीज गेली.

मशीन प्रामाणिक होते. सावनेरची नोंद त्याने जिवंत ठेवली, फसलेली नागपूरची नोंद मृत ठरवून यादीतच पडू दिली आणि या फजितीचा साद्यंत वृत्तांत ‘लॉग’ नावाच्या फायलीत लिहिला. दर वेळी वीज जात राहिली आणि अशा दहा खेपा झाल्या. यादीत एक जिवंत आणि दहा मृत रंभाबाई जमल्या. गावभरच्या फसलेल्या दुरुस्त्यांनी लॉग एवढा फुगला, की डिस्कवर जागाच उरली नाही.

“काहून होत नाही वं पोरी?” रंभाबाईंनी विचारले. “सून म्हणते, कार्डावर नाव नाही तं चहात साखर नाही. महिना झाला, फिका चहा पिऊन राहिली मी.”

प्रमोदिनीला लाज वाटली. मृत नोंदी काढायची परवानगी मागायला ती साहेबांकडे गेली.

दत्तोपंतांनी चष्मा पुसला. “मृत? मग प्रत्येकीचा मृत्यूचा दाखला जोडा.”

“साहेब, बाई बाहेर बाकावर बसल्यात.”

“म्हणजे जिवंत आहेत! मग सगळ्याच नोंदी जिवंत धरा.”

तसे धरले. कागदावर शहराची वस्ती दुप्पट झाली. मुंबईहून वाढीव साखर आली, सोबत दत्तोपंतांचे अभिनंदन. प्रत्येक नागपूरकराला दुप्पट साखर मिळू लागली. रंभाबाईंना मात्र नाहीच. दहा नोंदींत पत्ता अपुरा होता आणि अकरावी सावनेरची होती.

शेवटी एका रविवारी प्रमोदिनीने कुणाला न विचारता लॉग टेपवर उतरवला, डिस्क मोकळी केली आणि मृत नोंदी पुसल्या. रंभाबाईंचा पत्ता पहिल्याच झटक्यात बदलला.

सोमवारी साखर निम्मी झाली आणि कार्यालयावर मोर्चा आला. धरमपेठेतली शिकलीसवरली माणसे पुढे होती.

“अवं बाई, यादी फुगली तं तुमचं काय दुखून राहिलं होतं?” त्यांतल्या एकाने प्रमोदिनीला विचारले.

सरकारी अभिलेख नष्ट केल्याबद्दल प्रमोदिनीची बदली झाली. टेपवरच्या लॉगमधून सर्व मृतांना सन्मानाने परत आणले गेले. रंभाबाई पुन्हा सावनेरच्या झाल्या.

त्या दिवाळीत नागपूरच्या करंज्या कधी नव्हत्या इतक्या गोड झाल्या. पाहुण्यांना डबे भरभरून गेले. तुमच्याकडेही एक आला असेल. कुणाच्या वाटणीची साखर, हे तुम्ही विचारले नाही. पाकाची कृती मात्र लिहून घेतलीत.